वाघाचं पोट भरलेलं होतं

सगळ्यात आधी हे सांगून टाकते, कारण तोंडाने सांगून सांगून मी थकले आहे. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत ते भीतीने. हात मांडीवर दिसतात ते मागे सरताना पडल्यावर मी उजवा गुडघा धरून बसले होते म्हणून. पाठ ताठ दिसते ती मागे मोहाचं खोड होतं म्हणून. वाघ माझ्यापासून दहा-बारा पावलांवर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो नाल्याकडे निघून गेला. तो का गेला हेही सगळ्या गावाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्याच नाल्यात गावातल्या बुधूचं वासरू अर्धं खाल्लेलं सापडलं. वाघाचं पोट भरलेलं होतं. एवढीच गोष्ट आहे.

पण एवढ्यावर कोणाचं समाधान होईल तर ना.

आमचं गाव सिंदेवाहीहून मूलकडे जाताना रस्ता सोडून आत, जंगलाला लागून आहे. वाघ मोजायला वनखात्याने जागोजाग झाडांना कॅमेरे बांधले आहेत. समोर काही हललं की आपोआप फोटो निघतो. त्यातला एक माझ्या मोहाच्या समोरच्या ऐनाच्या झाडाला बांधलेला होता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चैत्राच्या सुरुवातीला मी मोहफुलं वेचायला गेले, वाघ आला, आणि दोघांचा एकत्र फोटो निघाला. कोणीतरी तो मोबाइलवरून पुढे पाठवला. आठ दिवसांत सिरोंच्यापर्यंत असा मोबाइल उरला नसेल ज्यात मी नाही. फोटोखाली कोण्या शहाण्याने लिहिलं होतं, 'वाघासमोर ध्यानस्थ माता'.

माझी सून माधवी ते वाचून इतकी हसली की तिच्या हातातली पळी भाताच्या गंजात पडली.

"तुमी आन् ध्यान? वंदनेत पाच मिनटं त बसवत नाई तुमच्यानं. कोन आलं, कोन नाई आलं, कोनाची साडी नवी, सगळं पाहून राह्यता."

ती खोटं बोलत नव्हती. पण घरात हसून झालं तरी दारात माणसं यायचं थांबेना.

माझा बाप छप्पन साली चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, धम्मदीक्षेला पायी गेला होता. मी सात वर्षांची होते. थोडी चालले, थोडी त्याच्या खांद्यावर. परत आल्यावर त्याने घरातले देव टोपल्यात भरले आणि गावच्या तळ्यात सोडले. आई काठावर उभी राहून रडत होती आणि बाप तिला सांगत होता, "आजपासून कोनाच्या पाया पडाचं नाई, आन् कोनाले आपल्या पाया पडू द्याचं नाई." त्या बापाच्या लेकीच्या पाया पडायला आता लोक रांगेत उभे होते. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेले लोक. मी पाय लुगड्याखाली ओढून घ्यायचे तर ते जमिनीलाच हात लावून कपाळाला लावायचे. हिंदू मोहल्ल्यातल्या बायका कुंकवाची पुडी घेऊन आल्या. सिरोंच्याकडून एक जोडपं आलं. त्यांना मराठी धड येत नव्हतं, मला तेलुगू येत नव्हतं. बाईने माझ्यापुढे नारळ ठेवला आणि कडेवरच्या लेकराच्या मानेवरची गाठ दाखवली. मी तिला सिंदेवाहीच्या दवाखान्याचा रस्ता दाखवला. ती मला हात जोडून गेली, दवाखान्यात गेली की नाही देव जाणे. पाहा, देवाचं नाव माझ्याही तोंडी आलं. इतका वैताग होता.

या सगळ्याच्या पुढे होते गुणवंतराव. चंद्रपूरला खाणीच्या ऑफिसात ते मोठे बाबू होते. रिटायर झाल्यावर गावात येऊन राहिले आणि विहारात संध्याकाळी ध्यानाचा वर्ग घेऊ लागले. माणूस वाईट नाही. पांढरेशुभ्र कपडे, हळू बोलणं, दारू नाही, तंबाखू नाही. त्यांच्यामुळे दोन-तीन घरांतली भांडणं कमी झाली हे मी नाकारत नाही. पण त्यांना एकच नाद होता. बोध म्हणजे काय, माणसाला आपलं खरं रूप कसं ओळखू येतं, हे त्यांनी चाळीस वर्षं पुस्तकात वाचलं होतं आणि ज्याला ते झालं आहे असं जिवंत माणूस त्यांना एकदा पाहायचं होतं. नेमकी मीच सापडले.

"गिरजाबाई, त्या क्षणी तुमाले काय झालं, फक्त तेवढं सांगा."

"मुतली," मी म्हणाले. "लुगडं वलं झालं."

आत माधवी खोकल्यासारखं करून हसली. गुणवंतरावांनी मात्र डोळे मिटून मान हलवली.

"देहभान सुटलं. बरोबर आहे. असंच होते."

"अहो भाऊ, भीती वाटली म्हणून झालं ते."

"ज्याले होते, तो हेच म्हणते की काई झालं नाई. ज्याले नाई होत, तो गावभर सांगत फिरते."

या बोलण्याला काय उत्तर आहे? मी हो म्हटलं तर झालं, नाही म्हटलं तर नक्कीच झालं. सोबत आमच्या विहार समितीचे अध्यक्ष बापूराव बसले होते. ते माझ्याच वयाचे. त्यांना हे पटत नव्हतं.

"भाऊ, आपल्यात त आत्मा नाई म्हंते. मंग खरं रूप वळखाचं त कोनाचं?"

"आत्मा नाई जी, स्वभाव. मनाचा खरा स्वभाव. तो शांत आहे."

"माह्या बायकोच्या मनाचा?" बापूराव म्हणाले. "चाळीस वर्षं झाली, मले त दिसला नाई."

असं हसण्यावारी चाललं असतं, चार महिन्यांनी फोटो जुना झाला असता, आणि मीही हे सगळं विसरले असते. पण मधे पुनम होती.

पुनम ही कलाची मुलगी. कला म्हणजे माझी मैत्रीण. एका गल्लीत वाढलो, एका वर्षी दोघींची लग्नं गावातल्या गावातच झाली. एक्क्याऐंशी साली मोहाच्याच दिवसांत कलाला वाघाने नेलं. मी तिच्यासोबत होते. पुनम तेव्हा दोन वर्षांची होती. तिच्या बापाने दुसरं केलं, आणि पोरगी दिवसभर माझ्याच घरी असायची. माझ्या पोरासोबत, कुलदीपसोबत, एका ताटात जेवली. मी बालवाडी चालवायचे तेव्हा ती माझ्या पदराला धरून बसायची. मोठी झाली, धानोऱ्याला दिली, नवरा वारला, परत आली. आता आमच्या मागच्या गल्लीत एकटी राहते.

सगळं आयुष्य ती जंगलाला भ्याली. गावातल्या बाया मोह वेचतात, तेंदूपत्ता तोडतात, तेंदूचीच फळं, टेंभरं, आणतात. पुनम गावाच्या शेवटच्या घरापलीकडे गेली नाही. भाताच्या रोवणीला जायची तीसुद्धा गावाजवळच्या बांधीत. बायका तिला "घरकोंबडी" म्हणायच्या. मी त्यांना झापायचे.

वैशाख लागला तशी एका सकाळी ती माझ्याकडे आली. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात चारं. चारोळीची पिकलेली काळी फळं. ती जंगलाच्या आतच मिळतात.

"कोनी देल्ली वं?" मी विचारलं.

"मीच आनली मावशी. पहाडीच्या पायथ्यापासून."

"कोनासंग गेल्ती?"

"एकटीच."

मी द्रोण खाली ठेवला. ती मात्र हसत होती. पंचेचाळीस वर्षांची बाई, पण चेहरा लहान पोरीसारखा उघडा झाला होता.

"जिंदगीत पहिल्यांदा मले भीती नाई वाटून राह्यली, मावशी. गुणवंतभाऊनं शिकवलं तसं श्वासाकडं पाहात जातो. तुमचा फोटो डोळ्यापुढं ठेवतो. मन शांत असलं त जनावर काई करत नाई. तुमी त दाखवूनच देल्लं. आता तेंदूच्या पानतोडीले मी एकटीच जाईन. बाया लय कलकल करतात, मन लागत नाई."

मी तिला तिथेच बसवलं आणि वासराची गोष्ट सांगितली. गुडघ्याची सांगितली. लुगड्याची सांगितली. ती माझ्याकडे मोठ्या प्रेमाने पाहात राहिली.

"तुमी असंच म्हनसान, भाऊनं सांगितलं होतं."

"भाऊच्या तोंडात माती! पुनम, त्याचं पोट भरलेलं होतं म्हणून मी आज तुझ्यापुढं बसली."

"पोट भरलेल्या वाघानंही मारलं आहे लोकाईले. तुमाले नाई मारलं."

ती माझा हात दाबून गेली. मी द्रोणातलं एकही फळ खाऊ शकले नाही.

आमच्या गावच्या बायकांची एक रीत आहे, ती इथे सांगायला हवी. मोहाला काय, पत्त्याला काय, दोघी-दोघींनी जायचं. एकीने वाकायचं, एकीने उभं राहायचं. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चरणारं जनावर वाटतं. उभी असलेली काही वेचत नाही. ती फक्त चारही बाजूंना पाहाते, मधूनमधून आवाज देते. पहिलीची टोपली भरली की पाळी बदलते. यामुळे अर्धंच काम होतं, हे खरं. पण ही रीत माझ्या आजीच्या आधीपासूनची आहे आणि तिच्यामुळे किती बाया घरी परत आल्या याची मोजदाद नाही. आणि ही पोरगी सगळी रीत मोडून, श्वासाकडे पाहात, एकटी वाकणार होती. तेंदूपत्त्याचं झुडूप कमरेएवढं. तोडायला वाकावंच लागतं.

मी गुणवंतरावांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरची पायरी चढले.

"तुमी पुनमले सांगा, एकटी जाऊ नको म्हणून."

"मी कवा म्हटलं एकटी जा?" ते खरंच दचकले. "मी त फक्त भीती सोड म्हटलं."

"भीती सोडली की मानूस एकटं जाते, भाऊ. तुमी जंगलात जात नाई, म्हणून तुमाले माहीत नाई."

त्यांनी तिला सांगितलं. मला माहीत आहे, कारण पुनमच मला सांगायला आली. म्हणाली, "भाऊ म्हणतात जपून जा. मी म्हटलं, मावशी आहे न माह्यासमोर, जपतोच." म्हणजे आता ती त्यांचंही ऐकेना. तिचा विश्वास माझ्यावर होता. तो माझ्यावरूनच उतरवावा लागणार होता.

आणि तो कसा उतरवायचा हे मला ठाऊक होतं. चव्वेचाळीस वर्षं ठाऊक होतं. म्हणूनच मी आठ दिवस घरात येरझारा घालत राहिले. माधवीवर ओरडले, भात करपवला, दोन भेटायला आलेल्यांना हाकलून दिलं. त्यांनी हाकलण्यालाही प्रसाद समजून हात जोडले.

बुद्धपौर्णिमेला विहारात सकाळी ध्वज चढवतात, वंदना होते, मग खीर. या वर्षी गुणवंतरावांनी माइक मागवला होता आणि माझ्यासाठी मधोमध खुर्ची मांडून तिला झेंडूची माळ घातली होती. मी खुर्चीवर बसले नाही. माळ काढून खिडकीत ठेवली. पुढे पांढऱ्या साड्यांमधे पुनम बसली होती, अगदी पहिल्या रांगेत. पानतोडी तीन दिवसांवर आली होती.

"गिरजाबाई आपला अनुभव सांगतीन," गुणवंतराव म्हणाले. "त्याइले त्या क्षणी सोतःचं काय दिसलं, ते."

"सांगते," मी म्हणाले. "पन मधात बोलाचं नाई."

मी पुनमकडे पाहिलं नाही. बापूरावांच्या पांढऱ्या टोपीकडे पाहात बोलले.

"त्या दिवशी सकाळी माधवी मले म्हणे, थांबा, चाय ठेवतो, मी येतो उभी राहाले. मी थांबली नाई. रातच्यानं वारा सुटला होता. मले वाटलं, लय फूल पडलं असन, बुधूच्या बकऱ्या खाऊन टाकतीन. पंच्याहत्तर वर्षांची मी, घरी खायले आहे, पोरगा नोकरीवर आहे. तरी चार पायल्या फुलासाठी एकटी गेली आन् एकटी वाकली. मान वर केली त वाघ. मले तवा नातवंडं नाई आठवली. धम्म नाई आठवला. मले कला आठवली."

मी पदराने तोंड पुसलं आणि पुढे बोलले.

"एक्क्याऐंशी साली कला वाकली होती आन् मी उभी होती. असं मी सगळ्याईले सांगितलं. पोलिसाले, जंगलवाल्याले, तिच्या नवऱ्याले. मी उभी होती, पन गवत लय उंच, दिसला नाई. ते खोटं आहे. मी उभी नव्हती. कलाचा हात लय चालू होता. तिची टोपली भरत आली होती, माही पाळी यायची होती. मले वाटलं, मोठी फुलं कलाच वेचून टाकून राह्यली. मी बी वाकली. पाठ फिरवून, तिले न सांगता. वाघ आला तवा आमी दोघी बी वाकल्या होतो. त्यानं तिले उचललं. मले उचललं असतं त बी चाललं असतं, त्याले काय फरक पडते."

बापूरावांनी पाण्याचा गिलास पुढे केला. मी घेतला नाही.

"मोहाखाली मले एवढंच दिसलं, की चव्वेचाळीस वर्षांत माहा स्वभाव बदलला नाई. हावरट आहे मी. आन् खोटं बोलणारी. तवा माही शांती पाहून कोनी जंगलात जाऊ नका. उभं राहालेच कोनी लागते. मी त तेही नीट केलं नाई."

मी थांबले. मला वाटलं आता कोणी उठेल, मला शिव्या देईल. उठले ते गुणवंतराव. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माइक घेतला.

"बंधूंनो, भगिनींनो, हाच तर बोध! सोतःचा स्वभाव असा उघडा पाहाणं..."

त्या क्षणी मला जो संताप आला तो वाघासमोर आला असता तर मी त्याच्या अंगावर गेले असते. चव्वेचाळीस वर्षं जे पोटात दगडासारखं धरून ठेवलं, ते बाहेर काढलं, आणि या माणसाने ते ताटात घेऊन त्यावर फूल ठेवलं. माझ्या तोंडातून काही निघायच्या आत बापूराव उठले, भिंतीजवळ गेले आणि त्यांनी माइकची पिन काढली.

"भाऊ, बसा जी आता," ते म्हणाले. "एखांद्या टायमाले काईच नाई म्हनलं त बी चालते."

गुणवंतराव बसले. चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनाही पहिल्यांदा काहीतरी कळलं असावं. काय ते मी विचारलं नाही. मी शेवटी पुनमकडे पाहिलं, तर तिची जागा रिकामी होती. ती खीर न घेताच गेली होती.

तीन दिवस ती आली नाही. मी गल्लीतून दोनदा गेले, तिचं दार लावलेलं. लोकांचं येणंही कमी झालं, पण संपलं नाही. आता काही जण "खरं बोलणारी माता" पाहायला येऊ लागले. माधवीने त्यांना अंगणाचं काट्यांचं कुंपण ओलांडू दिलं नाही. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. फक्त पहिल्या रात्री ताट वाढताना म्हणाली, "माह्या पाळीत मी मोबाइल पाहातो कधी कधी. आता नाई पाहीन."

पानतोडी सुरू झाली. पहिल्या दिवशी माधवी दुपारी पत्त्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन आली, ते ओट्यावर टाकलं, मटक्यातलं पाणी तांब्याने तोंडावर ओतलं आणि म्हणाली, "आली होती."

"कोन?"

"कोन म्हंजे? जिच्यासाठी तुमी तीन दिवसांपासून जेवल्या नाई ते. आमच्यात आली. कोनासंग बोलली नाई. वाकली तवा हात थरथरत होते तिचे. अर्धं गाठोडंच झालं. पन उभी राहाची पाळी आली त, बाई गं, डोळ्याची पापणी नाई हलवली तिनं."

तिचे हात थरथरत होते, म्हणजे भीती परत आली होती. आयुष्यात एकदा ती बाई मोकळी झाली होती आणि मीच तिला परत भीतीत ढकललं. ती जिवंत राहावी म्हणून. हे बरं केलं की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही.

"आन् तुमाले बोलावलं आहे," माधवी म्हणाली. "आत्ता."

पुनम तिच्या ओट्यावर पत्त्याच्या ढिगात बसली होती. पत्ता त्याच दिवशी जुळवून, पुडे बांधून संध्याकाळपर्यंत फडीवर, ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, न्यावा लागतो, नाहीतर वाळतो. ती पानावर पान ठेवत होती, देठ एका बाजूला. मला पाहून उठली नाही. 'या' म्हणाली नाही. मी स्वतःच पायरीवर बसले.

"बाकीचं सांगा," ती म्हणाली.

"कोणतं?"

"विहारात तुमी सगळं नाई सांगितलं. तुमचा चेहरा मले माहीत आहे. चाळीस वर्षं पाहून राह्यली. तुमी बापूरावच्या टोपीकडं पाहून बोलत होत्या."

उन्हं ओट्यापर्यंत आली होती. मी तिच्या हातांकडे पाहिलं. बोटं काळी पडली होती, नखांत हिरवं भरलं होतं. कलाची बोटं अशीच लांब होती. हे मी तिला लहानपणी कितीदा सांगितलं असेल. तुझ्या आईची बोटं, तुझ्या आईचं कपाळ. आईबद्दल मी तिला सगळं सांगत आले होते, एवढं सोडून.

"तुझी माय वाकल्या वाकल्या बोलत होती," मी म्हणाले. "तुझ्याच गोष्टी. तुले दाढा येऊन राह्यल्या होत्या, रातभर झोपू देल्लं नव्हतं तू. मंग तिनं विचारलं, गिरजा, पाहून राह्यली न वं? मी म्हटलं, हो. मान खालीच होती माही. फुलं वेचता वेचता म्हटलं. तिनं वर पाहून खात्री नाई केली. तिचा माह्यावर विश्वास होता."

पुनमचे हात थांबले.

"मंग?"

"मंग काई नाई. मी हो म्हटलं, आन् तिनं पुढचं फूल उचललं."

"ओरडली?"

"नाई. वेळच नाई मिळाला तिले. ते खरं आहे. ते मी कधीच खोटं सांगितलं नाई."

तिने पुढचं पान थप्पीवर ठेवलं. ती रडली नाही. मला वाटलं, आता ती मला जा म्हणेल, आणि मी जाईन. आणि त्यानंतर मी पुन्हा या गल्लीत येणार नाही. तेवढ्यात काट्यांच्या फाटकाजवळ मोटरसायकल थांबली. गुणवंतराव होते, सोबत शहरातले दोन तरुण, एकाच्या गळ्यात कॅमेरा.

"पुनमबाई, गिरजाबाई इथी आहेत म्हणून समजलं," गुणवंतराव जरा ओशाळून म्हणाले. "हे नागपूरहून आले जी, लय दूरून. दोन मिनटं..."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी उठायला लागले, पण पुनम आधी उठली. पत्त्याची धूळ झटकून ती फाटकापर्यंत गेली.

"काई बोध-बिध नाई झाला त्याइले," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "भित्री बाई आहे. माही माय मेली तिच्या पाई. ते मी पाहून घेईन. तुमी घरी जा, भाऊ. उद्या सकाळी पानतोडीले या वाटलं त, आमच्यात उभी राहाले मानूस कमी पडून राह्यलं."

मोटरसायकल सुरू झाली. शहरातल्या पोरांपैकी एकाने मागे वळून पाहिलं. गुणवंतरावांनी नाही पाहिलं.

ती परत येऊन ढिगात बसली. पानं जुळवू लागली. मी तिथेच, अर्धी उठलेली, अर्धी बसलेली.

"बसल्या आहा त हात चालवा," ती माझ्याकडे न पाहाता म्हणाली. "संध्याकाळपर्यंत फडीवर न्यायचं आहे."

मी पायरीवरून सरकून ओट्यावर बसले. तिने पानांची एक थप्पी आणि पळसाच्या सालीची दोरी माझ्यापुढे टाकली. मी पुडा बांधला. तिने तो हातात घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला, दोरी सोडली आणि सगळी पानं परत माझ्या मांडीत टाकली.

"ढिला आहे," ती म्हणाली.

मी पुन्हा बांधायला घेतला.